हयात असलेल्यांचा हिशेब

नोव्हेंबर आला की मी अब्बांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेतो. ‘हयात’ हा शब्द अरबीतून, फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला आणि सरकारी दप्तरात असा काही बसला की आता तो कुणालाच परका वाटत नाही. माझ्या एका चुकीचं मूळ मात्र याच शब्दात होतं.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या वस्तीच्या दफनांची नोंदवही घेतली, वयांची सरासरी काढली आणि कनेरगाव नाक्यावरच्या एका कार्यक्रमात ठोकून दिलं, “आपली माणसं लवकर जातात.” लोक हळहळले. खाली उतरल्यावर गणिताच्या सरांनी विचारलं, “आणि जे हयात आहेत, त्यांचं काय?” वहीत फक्त गेलेले होते. ज्या वस्तीत तरुण जास्त, तिथल्या मृतांचं सरासरी वय कमीच दिसणार. सरासरी बरोबर होती, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

मग मी या विषयाच्या मागे लागलो आणि सापडले थेट पुण्याचे वसंत भापकर. 1945 मध्ये विल्कॉक्सन यांनी दोन गटांची तुलना क्रमांकांवरून करून दाखवली होती. आयुष्याच्या आकड्यांना घंटेसारखा ठरावीक आकार असलाच पाहिजे, अशी अट तिथे नाही. म्हणून या कसोट्यांना अप्राचलीय म्हणतात. 1952 मध्ये क्रस्कल आणि वॉलिस यांनी हे अनेक गटांपर्यंत नेलं. पुणे विद्यापीठाचे भापकर अमेरिकेत पीएच.डी. करून आले होते. 1961 मध्ये त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: प्रत्येक गटातून एकेक घेतला, तर सगळ्यांत आधी कोण संपतो?

तीन प्रकारचे दोन-दोन बल्ब घेऊ. पहिल्या प्रकारचे 5 आणि 9 महिने चालले, दुसऱ्याचे 7 आणि 12, तिसऱ्याचे 10 आणि 14. प्रत्येकातून एक घेतला की 8 तिकड्या होतात. पहिला प्रकार 6 तिकड्यांत आधी गेला, दुसरा 2 मध्ये, तिसरा एकाही नाही. गंमत पाहा, नवव्या महिन्यातच सगळा निकाल लागला. उरलेले तीन बल्ब अजून जळताहेत, पण ते विझायची वाट पाहायची गरज नाही. (अर्थात सहा बल्बांवरून कुठल्याही कंपनीला दोषी धरू नये.)

माणसं मात्र बल्बासारखी एका जागी राहत नाहीत. कुणी पुण्याला जातो, कुणाचा पत्ता लागत नाही. अशा माणसाबद्दल एवढंच ठाऊक असतं की अमुक तारखेपर्यंत तो हयात होता. ही अर्धी माहिती फेकून न देता वापरायची रीत एडमंड गेहन यांनी 1965 मध्ये आणि नेथन मँटेल यांनी 1966 मध्ये दाखवली. मँटेल यांची रीत सोपी आहे: प्रत्येक मृत्यूच्या दिवशी दोन्ही गटांत किती जण हयात होते ते पाहायचं, दोन्ही गट सारखेच असते तर त्या गटाच्या वाट्याला किती मृत्यू आले असते ते काढायचं, आणि प्रत्यक्ष मृत्यूंशी ताडायचं. 1972 पासून तिला ‘लॉग-रँक’ म्हणतात. कर्करोगाचं नवं औषध जुन्यापेक्षा सरस आहे का, हे आजही बऱ्याचदा याच कसोटीवर ठरतं.

पुण्यातली परंपरा पुढे जयंत देशपांडे यांनी चालवली. सुधा पुरोहित यांच्यासोबत त्यांनी आयुष्यकालाच्या आकडेवारीवर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. मराठीत असं पुस्तक माझ्या हाती अजून आलेलं नाही.

पुढच्या कार्यक्रमात मी माझं विधान मागे घेतलं. या वेळी कुणी हळहळलं नाही. पहिल्या रांगेत बसलेले अब्बा तेवढे हसले.