विकृत फुलांची साक्ष

निसर्गाच्या नित्यक्रमांत कांहीं वावगें दिसलें कीं त्यांत अनिष्टाची सूचना शोधावयाची, ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत उत्पातांचा विचार करतांना वृक्षांच्या व पिकांच्या विकृतींनाही स्थान दिलें. एका नाळेवर दोन-तीन कमळें उगवलीं किंवा जुळें फूल आलें, तर तें त्याच्या मतें धन्याच्या मृत्यूचें चिन्ह होतें. २०१५ सालीं जपानांतील नासु परिसरांत डेझीचीं जुळीं फुलें आढळलीं आणि त्यांचीं छायाचित्रें जगभर फिरलीं, तेव्हां सुमारें १०० किलोमीटरांवरील फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रांत २०११ सालीं झालेल्या अपघाताशीं त्यांचा संबंध तत्काळ जोडण्यांत आला. दैवी कोपाच्या जागीं किरणोत्सर्ग आला; तर्काची रीत मात्र तीच राहिली.

वस्तुतः ही विकृति वनस्पतिशास्त्रास अपरिचित नाहीं. रोपाचा वाढता शेंडा बिंदूसारखा न राहतां आडवा पसरला म्हणजे खोड फितीसारखें चपटें होतें आणि फुलें एकमेकांस चिकटतात. जंतु, कीटक, थंडीची इजा, आनुवंशिकता, यांपैकीं कोणत्याही कारणानें हें घडूं शकतें. आपल्या परसांतील कोंबड्याचें मखमली फूल हें याच विकृतीचें उदाहरण होय. बीजावाटे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें आणि हौसेनें जोपासलेलें.

याहून बोधप्रद कथा स्वीडनमधील आहे. १७४२ सालीं तेथील एका विद्यार्थ्यास लिनारियाचें एक चमत्कारिक रोप सांपडलें. नेहमीच्या फुलास एकच शुंड असते; याच्या फुलांस पांच होत्या. लिनियसनें चकित होऊन त्यास ‘पेलोरिया’, म्हणजे राक्षसी, असें नांव दिलें. १९९९ सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, अशा रोपांत जनुकाची मूळ अक्षरें बदललेलीं नसतात; त्यावर रासायनिक मोहोर बसून तें केवळ मुकें झालेलें असतें. तेव्हां प्रत्येक विचित्र फूल हें उत्परिवर्तनही नसतें; मग त्यास प्रदूषणाचा पुरावा कसें मानावें?

म्हणून वनस्पतींची साक्ष सर्वस्वी खोटी म्हणावी काय? तसेंही नाहीं. क्ष-किरणांनीं उत्परिवर्तनें वाढतात हें मुलरनें १९२७ सालीं फळमाश्यांवर आणि स्टॅडलरनें १९२८ सालीं सातूवर सिद्ध केलें. पुढें ट्रॅडेस्कँशियाच्या निळ्या फुलांचे संकरज वाण शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडले. त्यांच्या पुंकेसरांवरील केसांतील निळ्या पेशी उत्परिवर्तनानें गुलाबी होतात. त्या सूक्ष्मदर्शकाखालीं मोजून किरणांचा व हवेंतील रसायनांचा परिणाम अजमावतां येतो. फुकुशिमाच्या आसपासच्या मोमी वृक्षांची पाहणीही २०१५ सालींच प्रसिद्ध झाली. किरणोत्सर्ग जसजसा अधिक, तसतसें मुख्य शेंडा खुंटलेल्या झाडांचें प्रमाण अधिक आढळलें. मात्र किरणोत्सर्ग अत्यल्प असलेल्या दूरच्या ठिकाणींही थोडीं विकृत झाडें होतींच; तीं मोजलीं म्हणूनच इतर आंकड्यांस अर्थ आला.

जुळ्या डेझीचा बोभाटा फोल ठरला कीं लोक मोजलेल्या मोमी वृक्षांची साक्षही हंसण्यावारी नेतात, आणि त्यांत प्रदूषण करणाराचेंच फावतें. म्हणून कारखान्याजवळ एखादें विलक्षण रोप दिसल्यास घाबरूं नये आणि दुर्लक्षही करूं नये. अशीं रोपें किती, कितींपैकीं, आणि दूरच्या निर्मळ रानांत किती, हे तीन प्रश्न विचारावे. त्यांचीं उत्तरें मिळेपर्यंत तें फूल कुतूहलाचा विषय आहे. मिळाल्यावर तें साक्षीदार होऊं शकेल.