गरज सरो…

अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय कुठे म्हणून विचाराल तर रिक्षावाला क्षणभर थांबेल; इर्विन म्हणाल तर लगेच निघेल. तसंच बायकांचं डफरीन, आणि अकोल्यात लेडी हार्डिंग. व्हाइसरॉय गेले, त्यांच्या मडमा गेल्या, नावं राहिली. आमच्या घरात तीन पिढ्या डॉक्टरकी. त्यामुळे उन्हाळ्यात अंगणात खाटा पडल्या की गोष्टी निघायच्या त्या याच दवाखान्यांच्या.

आजी सुरुवात करायची डफरीनपासून. १८८५ साली लेडी डफरीनच्या नावानं फंड निघाला आणि देशभर बायकांचे दवाखाने उभे राहिले. त्यांत काम करायला विलायतेहून डॉक्टरणी आल्या. त्यांचं सर्टिफिकेट इथे तपासायचं कोणी? डॉक्टरांची नोंदणी करणारा कायदाच नव्हता. मुंबई इलाख्यातला तसा कायदा आला १९१२ साली. मडम आली, म्हणजे डॉक्टरीण आली.

उलट्या दिशेची वाट इतकी सरळ नव्हती. १९३० साली लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनं हिंदुस्थानी पदव्यांची मान्यता काढून घेतली. कारण दिलं, इथे बाळंतपणाचं शिक्षण पुरेसं होत नाही. तेव्हा व्हाइसरॉय होते लॉर्ड इर्विन! त्या धक्क्यातून १९३३चा कायदा झाला आणि आपली स्वतःची मेडिकल कौन्सिल आली.

पण आजीला त्याचं कौतुक नव्हतं. आजोबा एलएमपी, म्हणजे लायसेन्शिएट. १९१४ साली निघालेल्या नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलचे. नव्या कायद्यानं पदवीधरांना आत घेतलं आणि लायसेन्शिएटांना बाहेर ठेवलं. लंडननं आपल्याला जे केलं, तेच आपण आपल्या माणसांना केलं. आजोबांनी मूर्तिजापुरात दवाखाना चालवला. मिक्श्चरच्या बाटलीवर चिकटवायची कागदाची पट्टी आजी घरी कातरायची. दोन्ही बाजूंनी खाचा, एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं तो बोटानं खाच चाचपून औषध घ्यायचा. अशा डॉक्टरांवर खेडी जगत होती. भोर समितीनं १९४६ साली सर्वत्र एकच पदवी हवी असं सांगितलं आणि एलएमपी हळूहळू इतिहासजमा झाले.

काकाजी त्या एकाच पदवीचे. नागपूरचं मेडिकल कॉलेज १९४७ साली निघालं. तिथून ते एमबीबीएस झाले आणि साठीच्या दशकात मुंबईहून बोटीनं विलायतेला गेले. ट्रंकेत शेगावच्या महाराजांचा फोटो, खिशात सरकारनं नेऊ दिलेले तीन पौंड. तेव्हा त्यांची पदवी लंडनला पुन्हा चालत होती, आणि १९४८ साली सुरू झालेल्या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला हात कमी पडत होते. काम मिळालं वेल्समध्ये, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. सर्जरीची जागा निघाली की ती स्थानिकाला जायची. काकाजी सांगायचे, खाणीतून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की अकोल्याच्या जिनिंगमधले हमाल आठवायचे. तीच घरघर, इथे कापसाचा कोंडा, तिथे कोळशाची भुकटी. १९६० ते १९६३ या काळात आरोग्यमंत्री होते इनॉक पॉवेल. त्यांच्या खात्याचे वॉर्ड हिंदुस्थानी-पाकिस्तानी डॉक्टरांच्या खांद्यावर चालले होते. त्याच पॉवेलनी १९६८ साली बर्मिंगहॅमला बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध ते गाजलेलं भाषण केलं.

१९७५ साली लंडनच्या कौन्सिलनं भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा काढली, आणि नव्यानं जाणाऱ्यांसाठी इंग्रजीची आणि वैद्यकाची परीक्षा आली. अमेरिकेनं १९६५च्या कायद्यानं दार उघडलं होतं. १९७६ साली तिथल्या संसदेनं कायद्यातच लिहून टाकलं की आता देशात डॉक्टरांची टंचाई नाही, आणि बाहेरच्या डॉक्टरांवर कडक अटी घातल्या. काकाजींना कोणी विचारलं, की तुमच्या पदवीत एकाएकी काय कमी झालं, तर ते वऱ्हाडीवर यायचे : "अरे बाबू, पदवी तेच होती. त्यायची गरज सरली. मंग वैद्य मरो!"

आता दाराशी पहारा आपला आहे. परदेशात शिकून आलेल्यांसाठी २००२ पासून आपली चाळणी परीक्षा आहे; तीनशेपैकी दीडशे गुण हवेत. त्याच वर्षी अकोल्याचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, पण जागा आणि फी यांच्या हिशेबात न बसणारी वऱ्हाडातली पोरं रशिया, किर्गिझस्तान, युक्रेनला जातच राहिली. आमचा भाचा २०२२च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झाल्यावर परतला, तो त्यातलाच. या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होणारेच जास्त असतात.

भाच्याची आई चिडते : परीक्षा कशाला? म्हातारे काकाजी तिच्या बाजूनं बोलत नाहीत. ज्याच्या हाती सुई द्यायची त्याला तपासलंच पाहिजे, रोग्याचा तो हक्क आहे, असं ते म्हणतात. त्यांचा आग्रह एवढाच, की माप दर वेळी तेच असावं. मेळघाटात डॉक्टर मिळत नाही म्हणून ते सैल करू नये आणि शहरात डॉक्टरांची गर्दी झाली म्हणून आवळू नये. १९३० सालापासूनचा आमच्या घरचा अनुभव पाहिला, तर परीक्षा घेणाऱ्यांना नेमकं हेच जमलेलं नाही.