अर्थाचा अनर्थ

"तुमच्यात ते बग म्हणतात ना, तसलं काहीतरी शिरलंय बघ गाडीत," मामा फोनवर म्हणाला आणि माझा वीकेंड कामाला लागला.

मामा सासवडला असतो. सीझनला पुरंदरची अंजिरं पिकअपमध्ये भरायची, रात्री दिवे घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत मार्केट यार्ड गाठायचं, हा त्याचा धंदा. गाडी रिकामी असली की शहाण्या मुलासारखी चालते. माल भरून साठला नेली की आधी खालून धडधड, मग हेडलाइट मिणमिणायला लागतात. आणि त्या आठवड्यात तर घाटात एका खड्ड्यात आदळून इंजिनच बंद पडलं. भरलेली गाडी, उतार, अंधार, आणि दोनदा दाबल्यावर दगडासारखं कडक झालेलं ब्रेकचं पॅडल. हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून वाचला. माल मात्र गेला. अंजीर काही दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.

वायरमनने बॅटरी बदलली. मग अल्टरनेटर बदलला. धडधडीचं विचारलं तर "ते मिस्त्रीचं काम." मिस्त्रीने चाकांचं बॅलन्सिंग करून आणायला सांगितलं. लाइटचं विचारलं तर "ते वायरमनचं काम." आपल्याकडे फ्रंट-एंडवाले आणि बॅक-एंडवाले एकमेकांकडे बोट दाखवतात, पण निदान चहा तरी एकाच कँटीनमध्ये पितात :-)

माझ्या डोक्यात किडा वळवळला तो वेगळाच. हे दोन धंदे वेगळे झाले कधी? आणि मग वाचत वाचत थेट 'टेम्पो'पर्यंत जाऊन पोचलो.

छोट्या मालगाडीला आपण सरसकट टेम्पो म्हणतो, पण ते मुळात एका जर्मन कंपनीचं नाव. हँबुर्गच्या या टेम्पो कंपनीशी सहकार्य करून नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो काढली. सुरुवात मुंबईत गोरेगावला झाली, पुढे कारखाना आकुर्डीला आला. (२००५ पासून ती फोर्स मोटर्स.) त्यांची हॅन्सियाट म्हणजे तीनचाकी. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पुढच्या चाकापाशी बसवलेलं, आणि गाडी ओढायचं तेही तेच चाक. पेट्रोल म्हटलं की ठिणगी आली, प्लग आला, त्याच्या वायरी आल्या. इंजिनाच्या थरथरीने वायर सैल झाली की ठिणगी गेली, आणि ठिणगी गेली की गाडी जागच्या जागी उभी. असल्या गाडीत थरथर आणि करंट वेगळे काढून चालायचंच नाही.

फाटाफूट केली ती डिझेलने. मॅटाडोर आली १९६९ साली. टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यातून १९८६ साली ४०७ निघाली. टोयोटा, मित्सुबिशी, माझदा आणि निस्सान अशा चार जपानी कंपन्यांच्या सहकार्याने बाजारात उतरलेल्या गाड्यांसमोर ती उभी राहिली, नव्हे, पुरून उरली. १९८८ साली टाटामोबाइल पिकअप आली. आता त्या पिढीतल्या डिझेल इंजिनाची गंमत अशी की एकदा सुरू झाल्यावर त्याला विजेची फारशी गरजच नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं, आणि डिझेल ढकलणारा पंपही निव्वळ यांत्रिक. वीज लागते ती सेल्फला, लाइटला, हॉर्नला, वायपरला. बॅटरी मेली तर चार माणसं धक्का मारणार, इंजिन लागलं की मुक्कामापर्यंत निवांत. म्हणजे वायरमन झाला दिवेवाला आणि मिस्त्री झाला गाडीवाला. दुकानं शेजारी शेजारी, पण कामं वेगळी.

त्या जमान्याच्या सवयीसुद्धा उरल्या आहेत. डायनमो चार्ज करतोय की नाही बघायला चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढायचं. डायनमोच्या काळात ते खपून जायचं. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात, आणि बॅटरी ही नुसती साठवणीची टाकी नसून व्होल्टेजचे धक्के पचवणारी गादी असते. ती चालू इंजिनावर काढली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात, नशीब वाईट असेल तर ईसीयूसुद्धा. मामाच्या वायरमनने दुसऱ्या खेपेला नेमकं हेच केलं होतं. नशीब चांगलं होतं.

असो. मे २००५ मध्ये पुण्यातूनच टाटा एस आली. गिरीश वाघ यांच्या टीमचं काम. इंडिकाचं १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन जणू मधोमध कापलेलं: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. स्वस्त पडलं, छोट्या गल्ल्यांत शिरलं. पण चार सिलिंडरचं इंजिन दर फेऱ्याला दोन दणके देतं, दोन सिलिंडरचं सरासरी एकच. आयडलिंगला मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला तीसऐवजी पंधरा दणके. कमी म्हणजे बरं असं वाटतं ना? उलट आहे. दणके जितके सावकाश तितकं रबराच्या फाउंडेशनला ते अडवणं अवघड. आपण ज्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जातो तिथल्या एआरएआयमध्ये (स्थापना १९६६) माणसं याच आवाजाच्या आणि कंपनाच्या मोजमापासाठी खास प्रयोगशाळेत बसतात. 'एआरएआय टेकडी' म्हणताना आपल्याला ते आठवतही नाही.

आणि मग प्रदूषणाच्या नियमांनी डिझेलला परत विजेच्या दावणीला बांधलं. बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये पुण्यासह तेरा शहरांत (सोलापूरही त्यात होतं), २०१७ मध्ये देशभर. बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये. यांत्रिक पंपाची जागा कॉमन रेलने घेतली, आणि डिझेल कधी व किती सोडायचं हे ईसीयू ठरवू लागला. आता वीज गेली की इंजिन गेलं, अगदी हॅन्सियाटसारखं. दुकानं मात्र वेगळी ती वेगळीच राहिली.

मामाची गाडी २०१८ची, म्हणजे या नव्या जमान्यातली. शनिवारी मल्टिमीटर घेऊन सासवडला गेलो. गाडीत प्लसचा करंट वायरीतून जातो, पण परत येतो तो चासीच्या लोखंडातून, त्यालाच अर्थ म्हणतात. इंजिन बसलेलं रबरावर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. अल्टरनेटर आणि सेल्फ दोघांचा परतीचा रस्ता हाच. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला लावली आणि मामाला सेल्फ मारायला सांगितलं. अर्धा व्होल्ट दिसला तरी जास्त समजायचा. दिसले १.८.

पट्टी सापडली. बहुतेक तारा तुटलेल्या, दोन-चार शाबूत. खड्ड्यात आदळलं की त्याही सुटणार, आणि क्षणभर का होईना ईसीयूची वीज जाणार.

पण पट्टी तुटली का? इथे माझी अक्कल संपली. मामाने गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. ते गाडीखाली शिरले आणि दोन मिनिटांत म्हणाले, "गिअरबॉक्सचं फाउंडेशन फाटलंय. क्रॉस कधी बदलला होता?" दोन महिन्यांपूर्वी. "शाफ्ट बसवताना दात चुकवलाय."

घरी येऊन वाचलं. या जोडाचा अभ्यास सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने केला होता. (स्प्रिंगच्या नियमाचा तोच हूक.) वाकड्या कोनात फिरणारा एक जोड दर फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. म्हणून दुसरा जोड लावतात, तो पहिल्याची चूक खोडून काढतो. पण त्यासाठी दोघांची तोंडं एका रेषेत हवीत. एक दात चुकला की चूक पूर्ण खोडली जात नाही. साठच्या वेगाला शाफ्ट सेकंदाला तीसेक फेरे घेतो, म्हणजे साठेक हिसके. माल भरला की पाटे दबतात, शाफ्टचा कोन बदलतो. रिकामी गाडी शहाणी का, ते आत्ता कळलं. एक दात, त्यामुळे धडधड, मग फाटलेलं रबर, हिंदकळणारा गिअरबॉक्स आणि इंजिन, तुटलेली पट्टी, मिणमिणते लाइट, आणि शेवटी घाटातलं ते वळण. वायरमन आणि मिस्त्री एकाच दिवशी एकत्र वाकून बघते तर नवी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही वाचले असते.

मिस्त्रींनी शाफ्ट उतरवून नीट बसवला आणि दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली, पुढच्या वेळी कोणी उतरवला तर कळावं म्हणून. रबर नवीन घातलं. पट्टीही नवी, आणि तिच्याखालचा गंज घासून.

सोमवारी पहाटे पावणेपाचला फोन. "पोचलो रे. लाइट एकदम झगझगीत."

मी म्हटलं, "वा!"

"पण आता हॉर्न वाजत नाहीये."