पोलिसांना वेगात गाडी चालवायला कुठे आणि कसं शिकवतात? स्किड पॅड, सिम्युलेटर आणि सामायिक ट्रॅकची सोपी ओळख

सायरन वाजवत सुसाट जाणारी पोलिसांची गाडी आपण सिनेमात हजारदा पाहिली आहे. पण असं चालवायला शिकवतात कुठे? भर रस्त्यावर सराव करता येत नाही. आज आपण अमेरिकेतल्या एका सामायिक प्रशिक्षण केंद्राच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ. यातलं बरंचसं तंत्रज्ञान तुमच्या बाईकमध्ये आणि फोनमध्येही आहे.

एकच केंद्र, अनेक पोलीस दलं

जॉर्जिया राज्यात ग्लिन्को नावाचं ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकन नौदलाचा हवाई तळ होता. १९७५ पासून तिथे 'फेडरल लॉ एन्फोर्समेंट ट्रेनिंग सेंटर्स' म्हणजे फ्लेटसीचं मुख्यालय आहे. यूएस मार्शल्स, सीक्रेट सर्व्हिस, पार्क पोलीस अशा ९० हून अधिक सरकारी संस्था आपली माणसं फ्लेटसीकडे पाठवतात. आर्टेशिया, चार्ल्स्टन आणि चेल्टनहॅम इथेही तिची केंद्रं आहेत.

सगळे एकत्र का? कारण यात सर्वात महाग गोष्ट आहे जागा. गाडी घसरली तर मोकळं मैदान हवं, वेगासाठी लांब ट्रॅक हवा, शिवाय प्रशिक्षक, मेकॅनिक आणि टायरचा ढीग हवा. छोट्या दलाला हे एकट्याने परवडत नाही. आपण क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतो, त्यातलाच हा प्रकार.

स्किड पॅड म्हणजे काय?

स्किड पॅड म्हणजे मुद्दाम गुळगुळीत केलेला, पाणी मारून ओला ठेवलेला पट्टा. इथे गाडी कमी वेगातही घसरते, आणि शिकायचं तेच असतं.

मागची चाकं घसरली तर ब्रेक दाबून धरायचा नाही, पाय हलका करायचा, नजर जायचंय तिकडे ठेवायची आणि स्टिअरिंग त्याच दिशेला वळवायचं. पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग आणखी पिळून उपयोग नसतो. ॲक्सिलरेटर सोडून पकड परत येऊ द्यावी लागते. वाचायला सोपं आहे, पण घाबरल्यावर हात-पाय नेमकं उलटं करतात. म्हणून पुन्हा पुन्हा सराव.

काही ठिकाणी 'स्किडकार' वापरतात. गाडीभोवती जास्तीच्या चाकांची एक फ्रेम बसवलेली असते. प्रशिक्षक कंट्रोलरवरून ती फ्रेम उचलतो, टायरवरचा भार कमी होतो आणि कोरड्या रस्त्यावरही गाडी बर्फावर असल्यासारखी सरकते.

तुमच्या फोनमधला सेन्सर गाडीतही आहे

बीजीएमआयमध्ये जायरो ऑन करून नेम धरता ना? फोन किती वळला हे जायरोस्कोप सांगतो. गाडीच्या स्टॅबिलिटी कंट्रोलमध्येही असाच सेन्सर असतो. ड्रायव्हरने स्टिअरिंग किती वळवलं आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली, याची तुलना कॉम्प्युटर सतत करतो. फरक दिसला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतो.

एबीएसचं काम वेगळं. चाक लॉक होतंय असं वाटलं की तो ब्रेक सेकंदात अनेकदा सोडतो आणि धरतो, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचा आहे.

मग ट्रेनिंग कशाला? मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून हे ठासून सांगतो: रस्त्यावर जेवढी पकड आहे तेवढीच सॉफ्टवेअर वापरू शकतं. नवी पकड ते तयार करू शकत नाही.

थोडं गणित

ताशी ६० किमी वेगात, कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट, म्हणजे १२० केला तर? ४० मीटर नाही, ८० मीटर लागतात, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात १२० ला आणखी ३३ मीटर निघून जातात. पट्टा निसरडा असेल तर ६० च्या वेगालाही ७० मीटर लागू शकतात. सायरनमुळे यातला एक मीटरही कमी होत नाही.

सिम्युलेटर कुठे कामी येतो?

सिम्युलेटरमध्ये चौकात अचानक मूल आडवं आलं तरी कोणी मरत नाही. रेडिओवर बोलत, रस्ता शोधत, सिग्नल तोडताना दोन्ही बाजू बघत निर्णय घ्यायचा सराव इथे होतो. पण गाडी घसरताना शरीराला बसणारा झटका तो नीट देऊ शकत नाही. डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही, त्यामुळे काहींना मळमळतं. म्हणून निर्णयासाठी सिम्युलेटर आणि हाता-पायांच्या सवयीसाठी ट्रॅक, दोन्ही लागतात.

सर्वात अवघड धडा: थांबणं

२००१ मध्ये जॉर्जियातच एका काउंटी पोलिसाने १९ वर्षांच्या मुलाचा पाठलाग केला. सुरुवात झाली होती ताशी ५५ मैलांच्या रस्त्यावर ७३ मैलांनी गाडी चालवल्यावरून. पोलिसाने आधी त्याची गाडी कडेने ढकलून गोल फिरवण्याची परवानगी मागितली होती, पण वेग फार आहे हे पाहून तो बेत सोडला आणि मागून बंपरने धडक दिली. सहा मिनिटांत, सुमारे १६ किमीवर पाठलाग संपला. गाडी उलटली आणि त्या मुलाच्या हातापायांची हालचाल कायमची गेली.

'स्कॉट विरुद्ध हॅरिस' हा खटला सुप्रीम कोर्टात गेला. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ हा त्यातला मोठा पुरावा होता. या मुलाने इतरांचा जीव धोक्यात घातला होता असं म्हणत २००७ मध्ये कोर्टाने ८ विरुद्ध १ असा पोलिसाच्या बाजूने निकाल दिला. निकाल तुम्हाला पटो न पटो, प्रश्न उरतोच: गाडीचा नंबर मिळालेला असताना पाठलाग कुठे सोडायचा? हा निर्णय सेन्सर घेत नाही. तो माणसालाच घ्यावा लागतो, तोही काही सेकंदांत.

आपल्यासाठी काय?

आपल्याला पाठलाग करायचा नाहीये, पण पहिल्या पावसात रस्ता आपला स्किड पॅड होतो. तेव्हा एवढं करा: वेग आधीच कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा, एबीएस असेल तर संकटात ब्रेक घट्ट धरून नजर मोकळ्या वाटेकडे ठेवा. आणि फोन खिशातच राहू द्या. १२० ला एक सेकंद स्क्रीनकडे बघणं म्हणजे ३३ मीटर डोळे मिटून चालवणं.