पक्षाघात : दडलेल्या कर्करोगाची पूर्वसूचना

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक खंडित झाला की पक्षाघात होतो. ग्रामीण भागात यालाच लकवा म्हणतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू व हृदयविकार ही त्याची नेहमीची कारणे आहेत. क्वचित मात्र शरीरात दडलेल्या कर्करोगाचे ते पहिलेच लक्षण असते.

कर्करोगाच्या पेशींतून पाझरणाऱ्या काही द्रव्यांमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. हृदयाच्या झडपांवर किंवा रक्तवाहिन्यांत गुठळ्या तयार होतात आणि त्या मेंदूपर्यंत पोहोचतात. कर्करोग व शिरांतील गुठळ्या यांचा संबंध फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये मांडला होता. पुढे १८६७ मध्ये त्यांचाही मृत्यू कर्करोगानेच झाला. अमेरिकेतील ज्येष्ठ रुग्णांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की कर्करोगाच्या निदानाआधी सुमारे पाच महिन्यांपासून पक्षाघात व हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण वाढू लागते आणि शेवटच्या महिन्यात ते सर्वाधिक असते.

पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाने धास्ती घेण्याचे कारण नाही. बहुतेकांना कर्करोग नसतो. परंतु नेहमीचे कारण न सापडणे, एमआरआयमध्ये मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी इजा दिसणे, रक्तातील डी-डायमर फार वाढलेले असणे, वजन घटणे व रक्तक्षय या खुणा एकत्र आढळल्यास पुढील तपासणी आवश्यक ठरते.

बीडसारख्या जिल्ह्यात या खुणा निसटण्याचा धोका अधिक आहे. येथील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या स्थलांतरात फेरतपासणी राहून जाते. अशक्तपणा आणि घटलेले वजन कष्टांच्या खात्यावर मांडले जाते. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. कर्करोगाच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर व बार्शी येथे रुग्णालये आहेत.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे वा बोबडी वळणे असे काही दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. घरी परतल्यावर मात्र रुग्णालयाचे कार्ड व अहवाल जपून ठेवावेत, स्थलांतरातही सोबत न्यावेत आणि डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : हा पक्षाघात कशामुळे झाला?