शांत माशी आणि तिची एक खोड

कार्निओलन मधमाशीचं नाव निघालं की मधपाळ पहिल्यांदा 'शांत' हाच शब्द वापरतात. पेटीतली चौकट वर काढली तरी या माशा पोळ्यावर निवांत बसून राहतात. आजच्या स्लोव्हेनियातला क्रान्स्का हा तिचा प्रांत. अंगावरच्या करड्या लवेमुळे तिथले लोक तिला लाडानं 'सिव्का' म्हणतात. (आपली सातेरी ही वेगळीच जात, बरं का!)

तिचा इतिहास सांगायचा तर आधी आंतोन यान्शा आठवावा लागतो. १७३४ साली ब्रेझ्नित्सा गावी शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस खरं तर चित्रकला शिकायला व्हिएन्नाला गेला. पण घरच्या माशांचं ज्ञान तिथं जास्त कामी आलं. १७७० मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसानं त्याला मधमाशीपालनाचा शिक्षक नेमलं. नर माशी राणीशी उडताना, हवेतच मीलन करते, हे त्यानं नोंदवलं. १७७१ साली त्याचं पुस्तक निघालं, तेही थवे निघण्यावर! दोनच वर्षांनी तो वारला. २० मे हा जागतिक मधमाशी दिन त्याच्याच स्मरणार्थ आहे.

आता ही थव्यांची गोष्ट जरा नीट बघू. क्रान्स्कातली पेटी म्हणजे 'क्रान्यिच'. लाकडी, बुटकी, एकावर एक रचता येणारी. तिच्या दर्शनी फळीवर चित्रं रंगवत: कुठं संत, कुठं शिकाऱ्याची अंत्ययात्रा काढणारे प्राणी. पेटी लहान, त्यामुळे जागा लवकर भरते आणि जुनी राणी निम्म्या माशा घेऊन बाहेर पडते. मधासाठी माशा पाळणाऱ्याला हा तोटाच. पण माशाच विकायच्या असतील तर? १८५७ पर्यंत व्हिएन्ना ते त्रिएस्त रेल्वे झाली होती. १८६६ पासून बॅरन एमिल रोटश्युट्झनं जिवंत वसाहती परदेशी पाठवायचा धंदा सुरू केला, मागोमाग इतरही उतरले. ज्या वसाहतीचे थवे जास्त, तिच्याकडून विकायला माल जास्त. माझ्या मते, थवे काढायची तिची खोड या व्यापारानं जोपासली. स्वभावाच्या कौतुकात हे सहसा सांगितलं जात नाही.

१८७९ मध्ये पोलमान यानं तिला 'कार्निका' हे शास्त्रीय नाव दिलं. आज स्लोव्हेनियात कायद्यानं हीच एक मधमाशी पाळता येते. आणि तिथले मधपाळ अजूनही वसंत आला की थवा निघू नये म्हणून पेट्या उघडून राणीघरं तपासत बसतात.