‘लिहिणे’ : घरगुती चित्रणाच्या एका क्रियापदाचा इतिहास

मराठी घरात रंगाचा हात फिरविण्याच्या कृतीला एकच एक क्रियापद नाही. रांगोळी काढली किंवा घातली जाते. संक्रांतीच्या सुगडांवर हळदकुंकवाची बोटे ओढली जातात. तुळशीवृंदावन गेरूचुन्याने रंगविले जाते. आणि पालघर जिल्ह्यातील वारली घरात लग्नाचा चौक मात्र ‘लिहिला’ जातो. यांपैकी शेवटचे क्रियापद शहरी वाचकाला थोडे विचित्र वाटते. ज्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख नव्हती त्यांनी ‘लिहावे’, हा एखादा अलंकारिक प्रयोग असावा असा त्याचा समज होतो. वस्तुतः हा अलंकार नाही. या धातूच्या अत्यंत जुन्या अर्थाचा तो अवशेष आहे. घरगुती चित्रणाला कारखान्याच्या वह्या नसतात, राजदप्तरातील नोंदी नसतात आणि चित्राखाली सही तर नसतेच. अशा कलेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला क्रियापद हाच एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरतो.

‘लिख्’ या संस्कृत धातूचे वैदिक रूप ‘रिख्’ असे आहे, आणि ‘रेखा’ व ‘लेखा’ ही त्याचीच जुळी अपत्ये होत. मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे. ती रेघ अक्षराची की आकृतीची, हा भेद धातूने केलेला नाही. म्हणूनच संस्कृतात चित्राला ‘आलेख्य’ म्हणतात, आणि ‘मेघदूता’तील यक्ष शिळेवर धातुरंगांनी प्रियेची आकृती काढतो तेथे कालिदासाने ‘आ’ उपसर्गासह हाच धातू योजिला आहे. त्याच काव्यात यक्षाच्या घराची खूण म्हणून दाराशेजारी शंख व पद्म यांच्या आकृती सांगितल्या आहेत. त्यांचे विशेषणही ‘लिखित’ या शब्दानेच साधले आहे. घराच्या दारावर मंगलचिन्ह काढणे म्हणजे ते लिहिणे, ही समजूत तेव्हा सहजच होती असे यावरून दिसते.

घरगुती चित्रणाचे याहून तपशीलवार वर्णन बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त आढळते. सातव्या शतकातील या ग्रंथाच्या चौथ्या उच्छ्वासात राज्यश्री व मौखरी ग्रहवर्मा यांच्या विवाहाची तयारी वर्णिली आहे. राजवाड्यात सामंतांच्या स्त्रिया जमल्या आहेत. वधूवरांची नावे गुंफलेली मंगलगीते त्या गात आहेत. नाना रंगांनी माखलेल्या बोटांनी कंठसूत्रे चितारीत आहेत. आणि वेलपत्तीच्या आलेखनात निपुण असलेल्या स्त्रिया पांढरे केलेले कलश व मातीची कच्ची भांडी सजवीत आहेत. या वर्णनातील एक भेद विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. भांडी व दोरे घरच्या स्त्रिया रंगवितात. वस्त्रांना रंग देण्याचे काम मात्र रजकांकडे आहे, आणि अंतःपुरातील वृद्धा त्या रजकांचा रीतीप्रमाणे मान करीत आहेत. म्हणजे एकाच लग्नघरात, एकाच अंगणात, रंगकामाचे दोन वर्ग पडले आहेत: माती घरच्या हातांची आणि कापड कारागिराच्या हातांचे.

ही विभागणी केवळ रूढीची नव्हे. तिच्या मुळाशी पदार्थांचा धर्म आहे. भिंतीवर किंवा मडक्यावर तांदळाच्या पिठाची रेघ ओढली तर ती विधी संपेपर्यंत टिकली म्हणजे पुरे. कापड मात्र धुवावे लागते. त्यावरील रंग पाण्यात न उतरता धाग्यात बसला पाहिजे. आंध्रातील श्रीकाळहस्तीची कलमकारी पाहिली म्हणजे यातील खटाटोप ध्यानात येतो. कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात व दुधात भिजवितात. दुधातील स्निग्धांशामुळे रेघ फुटत नाही. लोखंडाचे तुकडे व गूळ पाण्यात अनेक दिवस कुजवून केलेला द्राव हिरड्याने माखलेल्या कापडावर पडताच काळा होतो. जेथे तांबडा रंग हवा तेथे तुरटीचे पाणी लावून मग कापड मुळ्यांच्या रंगात उकळतात. तुरटी लागलेल्या जागीच तो रंग पक्का धरतो. चित्रणाचे साधन म्हणजे अणकुचीदार बांबूची काडी व तिच्यावर गुंडाळलेली लोकर. गुंडाळी रंगात बुडवून दाबली की टोकातून रंग झरतो. या काडीला ‘कलम’ म्हणतात. फारसी भाषेतून आलेला हा शब्द लेखणीचाच वाचक आहे. तेव्हा कापडावरचे चित्रही एका अर्थाने लिहिलेलेच. पण ते लिहिण्यासाठी भट्टी, वाहते पाणी व पिढीजात ज्ञान लागे. साहजिकच ते घराबाहेर, धंद्यात गेले.

धंदा म्हटला की त्याचे नशीब गिऱ्हाइकाशी बांधलेले असते. याचे एक ठळक उदाहरण मराठ्यांच्याच इतिहासात सापडते. तंजावरच्या भोसले घराण्यासाठी कोडाली करुप्पूर या गावी विशिष्ट साड्या तयार होत. जरीच्या विणकामावर कलमाने मेण लावून, मेणाखालील भाग राखून, बाकीचे वस्त्र रंगवीत. मेण निघाले की रंगामधून जर चमके. सन १८५५ मध्ये तंजावरचे दुसरे शिवाजीराजे औरस पुत्रावाचून निवर्तले, कंपनी सरकारने राज्य खालसा केले, आणि आश्रय सरल्यावर ही कला एकोणिसाव्या शतकातच मूळ स्वरूपात लोपली. उलट भिंतीवरचे व मडक्यावरचे घरगुती लेखन कोणत्याही राजावर अवलंबून नव्हते. लग्ने होत होती तोवर ते चालू राहणारच होते.

ते कसे चालू राहिले याचे दोन जिवंत पुरावे एकमेकांपासून फार दूरच्या प्रदेशांत मिळतात. वारली लग्नात सवाष्णी घराच्या आतील भिंत शेणामातीने सारवून तिच्यावर गेरूचा हात देतात, आणि बांबूची काडी ठेचून तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. धवलेरी लग्नाची गाणी गाते. उत्तर बिहारातील मिथिलेत वधूवरांच्या खोलीच्या भिंतीवर बांबू, कमळ, मासे, पोपट यांनी गजबजलेला ‘कोहबर’ स्त्रिया काढतात; मैथिलीत त्या कामाला ‘लिखिया’ म्हणतात. लग्नात सिंदूर ज्या कागदात बांधून पाठवावयाचा तो कागदही त्या अशाच रीतीने चितारीत. वारली ही मराठीच्या निकटची बोली, मैथिली पूर्वेकडील भाषा. दोन्ही समाजांच्या चालीरीतींतही फारसे साम्य नाही. तरीही लग्नाचा प्रसंग, स्त्रियांचे हात, सोबतीचे गाणे आणि ‘लिहिणे’ हे क्रियापद या चारही गोष्टी दोन्ही ठिकाणी एकत्र येतात. बाणभट्टाच्या वर्णनातही नेमक्या त्याच आहेत. यावरून एकाची परंपरा दुसऱ्याने उचलली असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. परंतु लग्नघरातील चित्र हे नुसते शोभेचे नसून काहीतरी ‘नोंदविणारे’ आहे, ही समजूत भारतीय आर्य भाषांत दीर्घकाळ टिकून राहिली, इतके म्हणावयास हरकत नाही. बाळंतिणीच्या खोलीत सटवाईसाठी कोरा कागद व लेखणी ठेवणाऱ्या मराठी घराला ही समजूत अपरिचित नाही. तेथेही लिहिणारी देवताच आहे, आणि तिचे अक्षर कोणालाच वाचता येत नाही.

या घरगुती लेखनाकडे बाहेरच्या जगाची दृष्टी प्रथम वळली ती एका आपत्तीमुळे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. मधुबनीचे अधिकारी विल्यम आर्चर पडझडीची पाहणी करीत असता ढासळलेल्या घरांच्या आतील भिंती उघड्या पडलेल्या त्यांना दिसल्या, आणि त्यांवरील चित्रेही दिसली. १९४९ साली मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांनी त्यांविषयी लेख लिहिला. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाने या स्त्रियांना उत्पन्नाचे साधन मिळावे म्हणून त्यांच्या हाती कागद देण्याचे ठरविले, व पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार मधुबनीस गेले. त्यानंतर काही वर्षांनी हेच कुलकर्णी वारली पाड्यांतही पोहोचले.

कागद हाती आल्यावर एक गोष्ट प्रथमच घडली: लिहिणारीचे नाव चित्राबरोबर जाऊ लागले. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ मध्ये आणि गंगा देवींना १९८४ मध्ये. गंगा देवींनी तर परदेशप्रवास व स्वतःचे कर्करोगाचे आजारपण यांवरही चित्रमाला काढल्या. कोहबर लिहिणारा हात आत्मचरित्र लिहू लागला. त्यांनी दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये भिंतीवर चितारलेले कोहबर-घर २०१५ साली नूतनीकरणात नष्ट झाले तेव्हा सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. शेकडो वर्षे अशा भिंती दर लग्नानंतर सारवल्या जात होत्या व त्याचे कोणाला दुःख नव्हते. कारण तेच चित्र पुढच्या लग्नात पुन्हा लिहिले जाणार होते. नाव जोडले गेल्यावर मात्र नाश हा नाश ठरला.

नाव मिळण्याचा हा लाभ सर्वत्र सारखा झाला नाही. वारली चित्रांत प्रथम कीर्ती मिळाली ती गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना. त्यांची योग्यता निर्विवाद आहे, व २०११ ची पद्मश्री त्यांना साजेशीच होती. परंतु त्यांच्या मागून जे चित्रकार पुढे आले त्यांत पुरुषांचाच भरणा अधिक होता. चौक लिहिणाऱ्या सवाष्णी भिंतीपाशीच राहिल्या. बाजारात गेलेल्या चित्रांतही निवड झाली. तारप्याभोवतीच्या नाचाचे वेटोळे सर्वांच्या परिचयाचे झाले; पालघट देवीचा चौक लग्नविधीशी बांधलेला असल्याने त्या मानाने मागे राहिला.

घरगुती चित्रण कापडावर आले ते या टप्प्यावर, आणि त्यालाही पदार्थाचाच हातभार लागला. बाटलीतून मिळणाऱ्या ॲक्रिलिक कापडरंगांत रंगद्रव्याला धरून ठेवणारा चिकट घटक आधीच मिसळलेला असतो. रंग वाळल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री फिरविली की तो पक्का होतो. हिरडा, तुरटी, भट्टी यांपैकी कशाचीच गरज उरत नाही. रजकाकडचे काम अशा रीतीने तेराशे वर्षांनी घरच्या स्त्रीच्या हाती आले. उशीचे अभ्रे, पडदे, ओढण्या, मातीच्या कुंड्या व पणत्या मध्यमवर्गीय घरांतून रंगविल्या जाऊ लागल्या. १ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अंदाजपत्रक मांडताना नेसलेली साडी दुलारी देवींनी चितारलेली होती. महासुंदरी देवींच्या घरी घरकाम करता करता त्या ही विद्या शिकल्या, व २०२१ मध्ये पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. भिंतीवरील लिखियाने कापडावर येऊन मिळविलेला हा सन्मान लहान नव्हे.

तथापि भाषेच्या बाजूने पाहता या प्रवासात एक मोल द्यावे लागले आहे. अभ्ऱ्यावर चित्र काढणारी मराठी गृहिणी ते ‘लिहीत’ नाही. ती ‘वारली काढते’ किंवा ‘मधुबनी करते’. एका जमातीचे नाव आणि एका गावाचे नाव नक्षीच्या प्रकाराचे नाव बनले. क्रियापद गेले व नाम आले. क्रियापदाला कर्ता लागतो, प्रसंग लागतो. कोणी लिहिले, कोणाच्या लग्नात लिहिले, हे प्रश्न त्याच्याबरोबर येतात. नामाला यांपैकी काहीच लागत नाही. ते छापील कापडावरही तितकेच सुखाने बसते. म्हणूनच छापखान्यातून निघालेल्या हजारो वार कापडालाही ‘वारली’ म्हणण्यात बोलणाऱ्याला काही विसंगत वाटत नाही.

बाजाराला दोष देऊन यावर उपाय होणार नाही. त्याच बाजाराने दुलारी देवींना नाव दिले. उपाय असलाच तर तो कोशकार व बोलींचे अभ्यासक यांच्या हातचा आहे. पालघर व लगतच्या भागांत चौक लिहिणाऱ्या वृद्ध स्त्रिया व धवलेरी यांच्या तोंडून चित्रणाची क्रियापदे, प्रत्येक आकृतीचे नाव आणि त्या वेळी म्हटले जाणारे गाणे ही तिन्ही एकत्र टिपून घेतली पाहिजेत. आकृत्यांची छायाचित्रे विपुल आहेत. परंतु आकृती लिहिताना लिहिणारी काय म्हणत होती हे छायाचित्रात उमटत नाही, आणि ते ठाऊक असणाऱ्या स्त्रिया दर वर्षी कमी होत आहेत. मराठी कोशातील ‘लिहिणे’ या नोंदीत ‘चौक लिहिणे’ हा अर्थ त्याच्या स्थळासह, प्रसंगासह व कर्त्रीसह आला, तर या कलेच्या इतिहासातील सहीची जागा काही अंशी तरी भरून निघेल.